गाडीचा हरवलेला कान

वडिलोपार्जित म्हणून कोणाला वाडा मिळतो, कोणाला शेतीवाडी मिळते, तर कोणाला नुसताच दम्याचा विकार मिळतो. मला एक फटफटी मिळाली. मिळाली म्हणण्यापेक्षां, मुळशी तालुक्यांतील एका गोठ्यांत ती सत्तेचाळीस वर्षें कोणीतरी घेऊन जाण्याची वाट पाहात उभी होती, असें म्हणणें अधिक खरें होईल. नोकरी होती तोंपर्यंत तिची आठवण मला वर्षांतून एकदांच होई. तीही दसऱ्याच्या दिवशीं, इतरांच्या गाड्यांना झेंडूच्या माळा घातलेल्या पाहून. निवृत्त झाल्यावर मात्र माणसाला आपल्या वडिलांविषयीं एकाएकीं जिव्हाळा वाटूं लागतो. त्या जिव्हाळ्याच्या भरांत २०२१ सालच्या दिवाळीनंतर एके दिवशीं मीं एक टेम्पो ठरविला आणि पौडच्या रस्त्याला लागलों.

भाताच्या पेंढ्याच्या ढिगाआड ती एका खांबाला टेकून उभी होती. टायरांच्या चिंध्या झाल्या होत्या, टाकीला गंजानें भोंकें पाडलीं होतीं, आणि पुढच्या दिव्यांत एका कोळ्यानें संसार थाटला होता. हें सर्व मला अपेक्षितच होतें. मुळशीचा पाऊस ज्यानें पाहिला आहे त्याला लोखंडाच्या आयुष्याविषयीं फारसा भ्रम उरत नाहीं. परंतु जें गंजलें होतें त्यापेक्षां जें मुळींच नव्हतें तें माझ्या डोळ्यांत अधिक सललें. मागचें स्टँड नव्हतें. सामान ठेवण्याचें कॅरिअर नव्हतें. इंजिनाला सांगाड्याशीं जखडून ठेवणाऱ्या पोलादी पट्ट्यांपैकीं एक नव्हती. आणि सर्वांत वाईट म्हणजे, मागच्या चाकाशेजारीं ज्या दोन लोखंडी कानांत स्टँडाचे बोल्ट बसतात, त्यांपैकीं उजवा कान कोणीं करवतीनें कापून नेला होता.

घरचा धनी चाळिशीच्या आंतला होता. माझ्या वडिलांना त्यानें पाहिलेंही नव्हतें. मीं एकेक गहाळ भाग बोटांवर मोजून दाखविला, आणि “एवढें सामान गेलें कोठें?” असें त्याला विचारलें. तें ज्या स्वरांत विचारलें तो स्वर आतां मला आठवूं नये असें वाटतें. “आमाला काय ठावं, सायब? आमी बघतोय तवापास्नं ही अशीच हाय,” तो म्हणाला. तेवढ्यांत आंतून चहाचे पेले आले. मीं घाई असल्याचें सांगितलें आणि चहा न घेतांच निघालों. खेड्यांत चहा नाकारणें म्हणजे काय, हें मला कळत नव्हतें असें नाहीं. किंबहुना कळत होतें म्हणूनच मीं तो नाकारला.

माझे वडील पौडला डॉक्टर होते. आम्ही भावंडें त्यांना अण्णा म्हणत असूं. मुळशीच्या तलावाकांठचीं गांवें हें त्यांच्या व्यवसायाचें क्षेत्र. हा तलाव निसर्गानें दिलेला नव्हे. टाटांच्या धरणासाठीं येथील जमिनी जाऊं लागल्या तेव्हां १९२१ सालच्या रामनवमीस मावळ्यांनीं सत्याग्रह सुरू केला. सेनापति बापटांना त्यापायीं तुरुंगवास घडला, पण अखेरीस धरण झालेंच. खोऱ्यांतलें पाणी तेव्हांपासून सह्याद्रीच्या पोटांतून कोंकणांत भिऱ्यास उतरतें व तेथें त्याची वीज होते. बुडालेल्या गांवांतले पुष्कळ लोक वरच्या उतारांवर जाऊन वसले. ज्या वाड्यांना धड वाट नव्हती तेथें चिखलांतून, ओढ्यांतून अण्णांना जावें लागे. त्या कामासाठीं १९४८ सालीं, लष्करानें विकावयास काढलेल्या जुन्या सामानांतून, त्यांनीं ही गाडी घेतली.

गाडी बी.एस.ए. कंपनीची, एम-२० या जातीची. आपल्याकडे बी.एस.ए. हें नांव सायकलींमुळें घरोघर माहीत झालें. पण त्याचा पूर्ण अर्थ ‘बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स’ असा आहे हें थोड्यांच्या लक्षांत असतें. १८६१ सालीं बर्मिंगहॅमच्या बंदूक करणाऱ्या कारागिरांनीं एकत्र येऊन ही कंपनी काढली, आणि तिच्या बिल्ल्यावर एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका पुढेंही कायम राहिल्या. एम-२० ही १९३७ सालीं निघाली. एकच सिलिंडर, ४९६ घन सेंटिमीटरचें. पुढें स्प्रिंगेवर झुलणारा नळ्यांचा चिमटा. मागें स्प्रिंग अशी नाहींच. खड्ड्याची बातमी थेट स्वाराच्या मणक्याला पोंचावी अशी सोय. वेगाच्या बाबतींत ही गाडी कोणाच्या डोळ्यांत भरण्यासारखी नव्हती; परंतु अगदीं मंद गतीनेंही ती ओढीत राहते, आणि तिचें काम बहुतेक कोणत्याही लोहाराला उमगण्याइतकें साधें आहे. दुसऱ्या महायुद्धांत सव्वा लाखाच्या घरांत अशा गाड्या लष्करासाठीं तयार झाल्या. १९४० च्या नोव्हेंबरांत जर्मन विमानांनीं त्या कारखान्यावर बॉम्ब टाकले आणि ५३ कामगार मारले गेले. तरी गाड्या निघतच राहिल्या. साडेतीनशें पौंडांहून अधिक वजनाचें हें धूड अण्णा, एका हातांत औषधांची पेटी असल्याप्रमाणें, सहज वागवीत. १९७४ सालीं काचबिंदूनें त्यांची दृष्टि अधू झाली. शेवटच्या फेरीला त्यांनीं ती ह्या गोठ्यांत लावली आणि ते एस.टी.नें परत आले. त्यानंतरही महिन्यांतून एकदोनदां ते त्या गांवीं जात. १९८१ सालीं ते वारले.

गाडी पुण्यास आणल्यावर मला जें शिक्षण मिळालें तें कॉलेजांत मिळालेल्या शिक्षणापेक्षां कमी खर्चाचें नव्हतें. पहिला धडा असा कीं, इंजिन हें गाडीचें हृदय असेल, पण तिची ओळख तिच्या सांगाड्यांत असते. इंजिनाचे सुटे भाग आजही विलायतेंत नव्यानें तयार होतात व टपालानें घरीं येतात. सांगाड्याचें तसें नाहीं. हल्लींच्या गाड्यांत नळीला नळी विजेच्या ठिणगीनें वितळवून जोडलेली असते. त्या काळच्या सांगाड्यांत दोन नळ्या कधीं एकमेकींना प्रत्यक्ष भेटतच नाहींत. भट्टींत विशेष रीतीनें शिजवून चिवट केलेल्या बिडाचे सांधे ओतीत, त्यांच्या पोकळींत नळ्यांचीं टोकें बसवीत, आरपार खिळा मारीत, आणि मग टाकणखार टाकून पितळ वितळवीत. तें पितळ सांध्याच्या बारीक फटींतून आपोआप आंत ओढलें जाई. पितळाला वितळण्यास सुमारें ९०० अंश उष्णता पुरते; पोलाद त्याहून पांचसहाशें अंश पुढें जाऊन वितळतें. म्हणजे जोडणारें वितळतें आणि जोडलीं जाणारीं आपलें रूप सोडीत नाहींत. कापून नेलेला कान हा अशा एका सांध्याचाच भाग होता.

दुसरा धडा एका जाणत्या व्यापाऱ्यानें दिला. “कानाचं काय घेऊन बसलात? सबंध चासीच बदलून टाका,” तो म्हणाला. त्याच जातीच्या गाडीचा अखंड सांगाडा तो मागवून देणार होता. मानेवर ठोकलेला जुना आंकडा घासून काढावयाचा आणि माझ्या कागदांतला आंकडा तेथें ठोकावयाचा, इतकेंच काम! त्याच वर्षींच्या जुलैंत केंद्र सरकारनें मोटार-वाहनांच्या नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी गाड्यांच्या स्वतंत्र नोंदणीची सोय केली होती. वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, आणि अट अशी कीं गाडी मूळ स्वरूपांत राखलेली असावी, तिच्या सांगाड्यांत किंवा इंजिनांत मोठा फेरफार झालेला नसावा. “सबंध चासी दिसली कीं तपासणारा खूष. तुटका कान दिसला कीं शंभर प्रश्न,” असें त्या व्यापाऱ्याचें तर्कशास्त्र होतें. कायद्याच्या डोळ्यांत धूळ टाकण्याचा मोह मला झाला नाहीं असें मी छातीवर हात ठेवून म्हणूं शकणार नाहीं. दोन दिवस मीं त्यावर विचार केला. तिसऱ्या दिवशीं मनांत आलें कीं, अशा रीतीनें जी गाडी उभी राहील तिच्यावर माझे वडील कधींच बसलेले नसतील. मग ती नांवानें माझी आणि अंगानें भलत्याचीच! मीं नको म्हणून कळविलें.

तेव्हां गहाळ भाग एकेक करून बनविणें आलें. पिरंगुटच्या बाजूस एका लहानशा कारखान्यांत मीं डाव्या कानाचा पुठ्ठ्याचा नमुना नेला व त्यावरून उजवा कान करावयास सांगितलें. आठ दिवसांनीं फार सुबक कान तयार झाला. तो डावा होता. कान सपाट असता तर उलटा करून चालला असता. परंतु त्याला एका अंगास पायरी होती, आणि आपण आपला हात कितीही फिरविला तरी डाव्याचा उजवा होत नाहीं. चूक अर्धी माझीही होती. नमुन्यावर मीं बाण काढला नव्हता. दुसऱ्या खेपेस कान उजवा झाला, आणि तो विजेनें जोडून देण्यास कारखानदार तयारही झाला. पण हें चिवट बीड फार चमत्कारिक असतें. ठिणगीच्या प्रखर उष्णतेनें त्याचा चिवटपणा जातो व सांध्यालगतचा भाग कांचेसारखा ठिसूळ होतो. त्याला पितळच मानवतें.

बोल्टांची तऱ्हा आणखी निराळी. या गाडीला पुष्कळ ठिकाणीं पांच-सोळांश इंचाचे बोल्ट लागतात. आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानें मेट्रिक मापें आलीं, त्यामुळें कोपऱ्यावरच्या दुकानांत मिळतो तो आठ मिलिमीटरचा. दोहोंत फरक अवघा सहा शतांश मिलिमीटरचा, केंसाएवढाही नव्हे! साहजिकच माणसाला वाटतें, चालेल. पण जुन्या बोल्टाला इंचामागें सव्वीस आटे असतात, नव्याला सुमारें वीस. नवा बोल्ट एकदोन फेरे मोठ्या आज्ञाधारकपणें आंत जातो, मग अडतो. आणि आपण जोर केला कीं समोरचे आटे सोलून काढतो. माझ्या हातून असे दोन बळी गेले. नंतर मीं रविवारीं जुन्या बाजाराच्या वाऱ्या सुरू केल्या. पुण्याच्या जुन्या बाजारांत घड्याळांचे कांटे, कंदिलांच्या कांचा व बंद पडलेल्या रेडिओंचीं बटणें यांच्या पसाऱ्यांत एखाद्या रविवारीं पांच-सोळांशाचे तीन बोल्ट सांपडावे, हा आनंद ज्यानें भोगला नसेल त्याला मी तो समजावून देऊं शकणार नाहीं.

कान झाळून देणारा माणूस मात्र सहज सांपडेना. पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर होतें. सायकलीचा सांगाडाही अशाच सांध्यांचा असल्यामुळें झाळकाम करणारे कारागीर तेव्हां पेठापेठांतून होते. आतां शोधतां शोधतां एक वृद्ध गृहस्थ भेटले. काम सोडून त्यांना दहा वर्षें झालीं होतीं. “सांगाडा आणून तर दाखवा,” एवढेंच ते म्हणाले. त्यांनीं प्रथम मागच्या टोकांपासून मानेभोंवतीं दोरी ताणून बांधली, आणि मधल्या उभ्या नळीपासून ती दोन्ही बाजूंना किती अंतरावर आहे तें पट्टीनें मोजलें. अंतर सारखें भरलें. “हाड सरळ आहे,” ते म्हणाले. मग चष्मा कपाळावर चढवून त्यांनीं कापलेल्या जागेवर नाक जवळजवळ टेकविलें, रॉकेलाच्या बोळ्यानें ती पुसली आणि ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत.

“हा कान कोणीं कापला?” त्यांनीं विचारलें.

“चोरानें. दुसरें कोण?” मीं म्हटलें.

“चोर कापतो आणि पळतो, साहेब. ह्यानें कापल्यावर कानशीनें कडा मारल्या आहेत. आणि हें बघा.” त्यांच्या बोळ्याला तांबूस-नारिंगी रंग लागला होता. “शेंदूर आहे. तेलांत कालवून लावलाय, गंज चढूं नये म्हणून. डावा बोल्ट नीट खोललेला आहे. उजवा गंजून बसला असेल, निघाला नसेल, म्हणून नाइलाजानें कापला. जखम करून वर मलमपट्टी करणारा चोर मीं तरी पाहिला नाहीं.”

तो रंग मीं पहिल्या दिवशींच पाहिला होता, आणि लष्करी रंगाखालचें तें अस्तर असावें असें समजून सोडून दिला होता. ज्याला चोरच दिसावयाचा असतो त्याला शेंदूर दिसत नाहीं. आमच्या पौडच्या दवाखान्यांतील खिडक्यांचे गज, पाण्याची टाकी, फाटकाच्या बिजागऱ्या, सर्वांना अण्णा दर पावसाळ्यापूर्वीं स्वतःच्या हातानें शेंदूर लावीत. मारुतीनंतर आपल्या घरांतल्या लोखंडाचाच मान, असें आई थट्टेनें म्हणे. त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं.

दुसऱ्या आठवड्यांत मी पुन्हां त्या गांवीं गेलों. धनी शेतावर होता. त्याची आजी ओसरीवर तांदूळ निवडीत बसली होती. पहिल्या खेपेस ती मला दिसली नव्हती, किंवा मीं पाहिली नव्हती. मीं अण्णांचें नांव सांगितलें, आणि स्टँडाविषयीं विचारावें कसें या विवंचनेंत घुटमळूं लागलों. तिनें सूप बाजूला ठेवलें आणि ती मला घराच्या मागच्या अंगास घेऊन गेली. तेथें लहानशी विहीर होती. विहिरीच्या कठड्यांत दोन लोखंडी पाय सिमेंटांत पक्के रोवलेले, त्यांचा वांक पाण्यावर झुकलेला, आणि त्या वांकाला कप्पी लटकलेली. नळीवर हातांच्या घर्षणानें चकाकी आली होती. दोन्ही पायांच्या बुडाशीं शेंदराचे थर होते. तें माझें स्टँड होतें.

“डाक्तरांनीच बशिवलंय ते,” ती म्हणाली. “आमची थोरली पोर वाकून घागर वढताना तोल जाऊन आत गेली व्हती. वाचली. डाक्तर आलं, त्यांनी पोरीला बघितलं, मग हिरीला बघितलं. बोललं काय न्हाईत. फुडल्या बाजारी करवत घेऊनच आलं. तवा त्यास्नी दिसत बी नीट नव्हतं. हातानं चाचपून कापलं. मी म्हनलं, गाडी मोडली की तुमची. तर म्हनलं, गाडी आता बसलीच हाय, तिला हुबं ऱ्हायाला काय लागतंय?”

“मग त्या दिवशीं हें कोणीं सांगितलें कसें नाहीं?” मीं विचारलें.

“नातू ल्हान, त्याला काय ठावं? आन् मला इचारलं कुनी?” ती म्हणाली, आणि थोडें थांबून, “त्या दिशी तुमी च्या बी न घेता गेलात.”

याला मीं काय उत्तर द्यावें? अण्णांनीं घरीं यांतलें अक्षरही काढलें नव्हतें. डॉक्टरानें रोग्याच्या घरचें दुसऱ्या घरीं बोलूं नये हा नियम ते आपल्या दानालाही लावीत असावेत. इंजिनाची पट्टी कोठें गेली तेंही तिनेंच सांगितलें. गांवच्या शाळेला घंटा नव्हती, म्हणून अण्णांनीं ती सोडवून दिली होती. मी शाळेंत गेलों. व्हरांड्याच्या तुळईला ती अजून तारेनें टांगलेली होती. ज्या छिद्रांतून तार ओंवली होती तें झिजून लांबट झालें होतें, आणि मधोमध कित्येक पिढ्यांच्या मुलांनीं ठोकून खळगा पाडला होता. शाळेंत विजेची घंटा येऊन बरींच वर्षें झालीं होतीं. गुरुजींनीं पट्टी आनंदानें काढून दिली, आणि मीं पुण्याहून एक पितळी घंटा त्यांना नेऊन दिली. वीज जाते तेव्हां ती उपयोगीं पडते असें ते म्हणतात. कॅरिअराचा मात्र कोणालाच पत्ता नव्हता, आणि मीं तो शोधण्याचा फारसा आग्रहही धरला नाहीं. शेवटीं विलायतेंतून नवें मागविलें. तें इतकें तंतोतंत बसलें कीं मला त्याच्याविषयीं अद्याप आपलेपणा वाटत नाहीं.

स्टँडाचा प्रश्न राहिला. नातू मोठा भला माणूस. “तुमचंच हाय, सायब. काढून देतो, मी दुसरं लोखंड बशिवतो,” तो म्हणाला. कायद्यानें तें माझेंच होतें. अस्सल भाग हातीं आला असतांना बनावट भाग बसविणें म्हणजे या छंदांतल्या लोकांच्या दृष्टीनें पातकच. पण ‘मूळ स्वरूप’ या दोन शब्दांशीं मी बराच काळ झगडत होतों, आणि त्या विहिरीपाशीं उभा असतांना त्यांचा अर्थ मला थोडा वेगळा दिसूं लागला. बर्मिंगहॅमच्या कारखान्याच्या फाटकांतून गाडी बाहेर पडली त्या दिवसाचें तें मूळ स्वरूप, कीं माझ्या वडिलांचा तिच्यावरून शेवटचा हात फिरला त्या दिवसाचें? पहिल्या स्वरूपाशीं माझी ओळख नाहीं. तें पुस्तकांत सांपडेल, आणि तशा गाड्या जगांत पुष्कळ आहेत. दुसरें स्वरूप एकाच गाडीला आहे, आणि त्यांत ही उणीव धरलेली आहे. मी ज्याला तूट समजत होतों ती अण्णांच्या हिशेबांत खर्ची टाकलेली रक्कम होती. ती परत मागणें म्हणजे त्यांचें खातें खोडणें. पट्टीचें काम संपलें होतें, म्हणून ती परत आली. स्टँडाचें काम संपलेलें नव्हतें. गांवांत नळ आला आहे, पण चैत्र-वैशाखांत त्याला पाणी येईलच असा भरंवसा नाहीं. समोर एवढा अथांग जलाशय पसरलेला, आणि घरांतली घागर भरते ती या कप्पीवरून.

मीं खिशांतली टेप काढली व माप घेऊं लागलों. पाणी भरावयास आलेल्या दोन मुली घागरी खालीं ठेवून, हा म्हातारा विहिरीला अंगरखा शिवतो आहे कीं काय अशा नजरेनें पाहात उभ्या राहिल्या.

नवें स्टँड त्या मापानें पुण्यास झालें. नळी वांकवितांना ती चेपूं नये म्हणून आंत कोरडी वाळू ठासून भरतात, दोन्ही तोंडें बंद करतात, आणि मग तापवून हळूहळू वळवितात. ही युक्ति वृद्ध कारागिरांनींच सांगितली. कान त्यांनीं स्वतः झाळला. पितळ सांध्यांत शिरलें तेव्हां त्या काळवंडलेल्या बिडाच्या कडेला एक बारीक पिवळी रेघ उमटली. ती घासून, रंगवून कोठें जोड आहे हें ओळखूं न येण्याइतकें बेमालूम काम करून द्यावें काय, असें त्यांनीं विचारलें. मीं नको म्हटलें. जुन्या वस्तूंची डोळसपणें जपणूक करणारे लोक नव्या भागावर त्याचें साल घालून ठेवतात, म्हणजे पुढच्या माणसाची फसगत होत नाहीं. आम्ही कानावर व स्टँडाच्या पायावर लहान ठशांनीं ‘२०२३’ हा आंकडा ठोकला. वर तेलांत कालवलेल्या शेंदराचा एक हात दिला, आणि मग रंग. पट्टीचें झिजलेलें छिद्र तेवढें भरून पुन्हां पाडलें. घंटेचा खळगा तसाच ठेवला.

नोंदणीचा अर्ज अद्याप कचेरींत आहे. त्यांत बदललेल्या भागांची यादी मीं खरी खरी जोडली आहे. ती वाचून तपासणाराला समाधान वाटेल कीं शंका येईल, हें सांगतां येत नाहीं. नोंदणी नसल्यामुळें गाडी रस्त्यानें चालविण्याची सोय नव्हती. तेव्हां गेल्या वैशाखांत मी ती त्या गांवीं घेऊन गेलों तो पुन्हां टेम्पोंत घालूनच. सत्तर वर्षांचा स्वार आणि त्याहून वडील घोडा, दोघेही भाड्याच्या गाडींतून आले, याची मुलांना भारी गंमत वाटली. अंगणांत उतरवून मीं ती नव्या स्टँडावर उभी केली. सात लाथा खाल्ल्यावर ती बोलली. म्हातारी ओसरीच्या कडेला येऊन बसली, आणि त्या आवाजाला कान देऊन, “असाच वाजायचा,” एवढेंच म्हणाली. मग आंतून चहा आला. मीं दोन पेले घेतले.

निघतांना मी विहिरीकडे गेलों. एक मुलगी पाणी ओढीत होती, आणि दोराच्या प्रत्येक हिसक्यासरशी कप्पी कुरकुरत होती. गाडीसाठीं आणलेली तेलाची बुधली माझ्या हातांतच होती. मुलीला घटकाभर थांबावयास सांगून मीं कप्पीच्या आंसावर दोन थेंब सोडले.